खिशातल्या संगणकाचे बिनतारी कार्ड

खिशात मावणाऱ्या जुन्या संगणकाला बिनतारी जाळ्याशी जोडणारे कार्ड म्हणजे एक चिमुकले रेडिओयंत्रच होय. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या खाचेतील ५० पिनांमधून त्याला वीज मिळते व माहितीची देवघेव होते. १९९९ च्या ८०२.११बी प्रमाणानुसार ते २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर सेकंदाला कमाल ११ मेगाबिट वेग गाठते.

आज सेनगावात मी असे कार्ड बसवले, तर घरच्या राउटरची लहर त्याला ऐकू येईल. पण दार उघडेलच असे नाही. अशा पुष्कळ कार्डांना ‘वेप’ हे जुने कुलूपच ठाऊक. ते फोडता येते हे २००१ साली सिद्ध झाले; पुढे २००४ साली ‘डब्ल्यूपीए-२’ हे भक्कम कुलूप आले. मित्रहो, जुन्या यंत्राच्या प्रेमापोटी राउटरचे कुलूप सैल करू नये, असे मला वाटते. त्याच दाराआड घरातील साऱ्यांचे फोन असतात. मजकूर हवा तर तो मेमरी कार्डाने न्यावा.