आठवा गडी

३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये पुणेरी पलटण ३१-२८ अशी हरली. साखळीत अव्वल राहिलेला संघ प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात यजमान दबंग दिल्लीकडून तीन गुणांनी गेला. शेवटी पलटणच्या आदित्य शिंदेची पकड केली कोणी, तर फजल अत्राचलीनं. हा फजल २०२२मध्ये पलटणचा कर्णधार होता. दिल्लीच्या त्याच बचावफळीत सुरजीत सिंग, तोही पलटणचा माजी कर्णधार. समोरून चढाया करत होता अजिंक्य पवार, आपल्याच महाराष्ट्राचा. पुण्याचं सगळं होतं, फक्त करंडक पुण्याचा नव्हता.

आणखी एक दुखणं. २०२४चा अंतिम सामना बालेवाडीत झाला, तेव्हा पलटण बाद फेरीतही नव्हती. २०२५ला पलटण अंतिम फेरीत पोचली, तर त्या हंगामात पुण्याला एकही सामना दिला नव्हता. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. लोणावळ्याहून लोकल धरून शिवाजीनगरला उतरायचं, तिथून बालेवाडी गाठायची आणि रात्री शेवटच्या लोकलसाठी धावत सुटायचं, ही आमची दरवर्षीची वारी चुकली. आमच्या मावळातच, गहुंज्याला, क्रिकेटचं भलंमोठं स्टेडियम उभं आहे. कबड्डी मात्र आम्ही टीव्हीवर पाहायची.

हरल्यावर दोन दिवस कामशेतपासून वडगावपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर चर्चा एकच, शेवटच्या चढाईची. मला ती चढाई फारशी छळत नाही. पलटणनं मॅटवरचे सात आणि बाकावरचे पाच यांचा हिशेब इतकी वर्षं कसा मांडला, ते आठवत राहिलं.

कबड्डीचा जुना इतिहास इथे सांगत बसत नाही. बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, कबड्डी दिनाच्या भाषणांत तो दरवर्षी सांगितला जातो. बर्लिन ऑलिम्पिकमधलं १९३६चं प्रात्यक्षिकही त्यात येतं. त्या भाषणांत एक गोष्ट मात्र कधी येत नाही. मातीवरच्या आमच्या कबड्डीत राखीव गड्याला काहीच किंमत नव्हती. कागदावर बारा नावं असत आणि खेळत सात. उरलेले पाच पाणी द्यायला, टॉवेल धरायला आणि सातांच्या चपला सांभाळायला. कोणाचा गुडघा फुटला तर आठव्याचं नशीब उघडायचं. भातकापणी झाली की गावोगाव मैदानं आखली जायची, चुन्याच्या रेषा पडायच्या, हॅलोजन लागायचे. सात कोण हे आदल्या रात्री मंडळाच्या ओट्यावर ठरायचं. त्यात खेळ किती आणि वर्गणी किती, हे ओट्यावरच्यांनाच ठाऊक. ज्याच्या काकानं मैदानासाठी पैसे दिले तो डाव्या कोपऱ्यात उभा, मग त्याला चवडा धरता येवो न येवो. खरा कोपरारक्षक बाकावर. प्रो कबड्डी आली तेव्हा मला वाटलं, पैशाचा खेळ आहे, निदान तिथे तरी हे चालणार नाही.

२६ जुलै २०१४ला लीग सुरू झाली. पहिले दोन हंगाम पलटण तळाला राहिली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. २०१६मध्ये एकाच वर्षात दोन हंगाम झाले आणि दोन्हींत पलटण तिसरी आली. कर्णधार मनजित छिल्लर, जोडीला अजय ठाकूर आणि दीपक हुडा. बघायला मजा होती, पण सगळा डोलारा तीन नावांवर. मनजित बाद झाला की उरलेले त्याच्या परतीची वाट पाहत मागच्या रेषेला चिकटायचे.

कबड्डीतलं बदलीचं गणित बास्केटबॉलपेक्षा अवघड आहे, हे इथे सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये पाच खेळतात आणि बदल्या हव्या तितक्या वेळा. इथे सात मॅटवर, पाच बाकावर, आणि लीगच्या नियमानं सामन्यात पाचच बदल्या. शिवाय बाद झालेला गडी ज्या क्रमानं बाहेर गेला त्याच क्रमानं जिवंत होतो. तुमचा मुख्य चढाईपटू दुसऱ्याच मिनिटाला पकडला गेला आणि आपल्याकडून गुण आला नाही, तर तो बाहेर बसून घाम पुसतो आणि सामना हातातून जातो. म्हणून सात निवडताना विचारायचं असतं की आपला पहिला चढाईपटू बाहेर असेल ती मिनिटं काढणार कोण. बचावाचं तर आणखी नाजूक. दोन कोपरे आणि दोन कव्हर ही चौकडी एकमेकांच्या हातांना सरावलेली लागते. एक कव्हर बदलला की साखळी तुटू शकते. चढाईपटू बदलणं सोपं, बचावपटू बदलायला धाडस लागतं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो वा मरोची. तिच्यासाठी बाकावरून ताज्या दमाचा गडी उठवावा, हे प्रशिक्षकाला तीस सेकंदांच्या हिशेबात सुचावं लागतं.

हे ज्याला सुचत होतं तो माणूस पलटणकडे २०१७मध्येच होता. बी. सी. रमेश. तो एका हंगामानंतर गेला. पुढच्याच हंगामात तो बेंगळुरू बुल्सकडे होता आणि बुल्स जिंकले. त्याच्या पुढच्या वर्षी बंगाल वॉरियर्सकडे, आणि बंगाल जिंकलं. त्याच काळात पुण्यानं काय केलं? २०१८च्या लिलावात नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावले. तोमर चांगला चढाईपटू, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण त्या हिशेबाशी आहे. एका माणसावर पैसा ओतायचा, तो दुखावला की बाकाकडे बघायचं, आणि बाकावर कोणी तयारच केलेलं नसायचं. २०१९ तसंच गेलं, पुढचं वर्ष कोरोनानं खाल्लं.

मग बेंगळुरूतल्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना खेळलेला २०२१-२२चा हंगाम आला. या सगळ्या वर्षांतलं मला सर्वांत जवळचं पर्व हेच, आणि ते मी घरी बसून पाहिलं. कर्णधार नितीन तोमर, सोबत राहुल चौधरी. राहुल म्हणजे लीगच्या सुरुवातीच्या वर्षांतलं सर्वांत मोठं नाव, पोस्टरवरचा माणूस. सुरुवातीला हार मागून हार. प्रशिक्षक अनुप कुमार, भारताचा विश्वविजेता कर्णधार, स्वतः एकेकाळचा पोस्टरवरचा माणूस. त्यानं हळूहळू दोन्ही मोठी नावं बाकावर नेली आणि चढाया दोन पोरांच्या हाती दिल्या, नगरचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. लोक चिडले. राहुलला बसवतात म्हणजे काय! पोरं हरता हरता जिंकायला लागली आणि संघ बाद फेरीत पोचला. तिथे यूपीकडून हरला, ते सोडा. पलटणनं पहिल्यांदा नावाला बाजूला ठेवून फॉर्मावर सात निवडले होते. गावच्या ओट्यावर ते कधी झालं नव्हतं.

२०२२ला रमेश परत आला. मोठी रक्कम या वेळी बचावावर, फजलसाठी १ कोटी ३८ लाख. १७ डिसेंबरला मुंबईत जयपूरविरुद्ध अंतिम सामना, आणि अस्लम व मोहित दोघंही दुखापतीनं बाहेर. आधीची पलटण असती तर उपांत्य फेरीतच आटोपली असती. तिथे पंकज मोहितेनं १६ गुण घेऊन तमिळ थलायवाजना ३९-३७ असं घरी पाठवलं. अंतिम सामना ३३-२९ असा गेला, पण दोघांच्या जागा भरायला आता दोघं होते. भातलावणीत आमच्याकडे बांधाच्या कडेला थोडी रोपं राखून ठेवतात. आठवड्यानं जिथे रोप मेलं असेल तिथे त्यांनी नांगे भरायचे. ज्यानं ती राखली नाहीत, त्याचं खाचर तसंच विरळ राहतं. पलटणनं इतक्या वर्षांत ती रोपं पहिल्यांदा राखली होती.

पुढचा हंगाम, २०२३-२४, सगळ्यांना पाठ आहे. २२ साखळी सामन्यांत फक्त दोन पराभव, ९६ गुण. मजा अशी, की त्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिला आला दिल्लीचा आशू मलिक. पुण्याचा कोणी नाही, कारण पुण्यात चढाया वाटलेल्या होत्या. अस्लम, मोहित, पंकज, नाशिकचा आकाश शिंदे. एक थकला की दुसरा उठायचा. प्रतिस्पर्ध्याचा उजवा कोपरा एकाची चाल ओळखायला लागला, की समोर दुसराच उभा. पंकज तर किती सामन्यांत बाकावरून उठला आणि सामना फिरवून गेला. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाविरुद्ध पूर्वार्ध संपत आला असताना त्यानं एका चढाईत चार गडी टिपले. २८-२५, पहिलं विजेतेपद. सर्वोत्तम खेळाडूचा मान अस्लमला, सर्वोत्तम बचावपटूचा इराणच्या मोहम्मदरझा शादलूला, २ कोटी ३५ लाखांत आणलेल्या. अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत यांनी बचाव असा सांभाळला की कोणाला बदलावं हा प्रश्न क्वचितच पडला. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले, पण घोषणा फक्त अस्लमच्या. पंकजचं नाव कोणी घेतलं नाही. मला राग आला होता, अजूनही आहे.

नंतरच्या लिलावात शादलू गेला हरियाणाकडे, आणि हरियाणा जिंकलं. त्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला आणि गतविजेती पलटण बाद फेरीलाही मुकली. रमेश पुन्हा गेला. २०२५ला प्रशिक्षक म्हणून आला अजय ठाकूर, तोच २०१६चा. क्वालिफायरमध्ये तेलुगू टायटन्सविरुद्ध आदित्य शिंदेनं बावीस गुण काढले, तेव्हा वाटलं रोपं अजून शिल्लक आहेत. मग दिल्ली.

हे सगळं मावळात बसून का आठवायचं? कारण पलटण जे निदान अधूनमधून शिकली, ते आमच्या स्पर्धांनी उलटं घेतलं. लीगमधून त्यांनी घेतलं काय, तर झगमग आणि भाड्याचे गडी. अंदर मावळ असो, पवन मावळ असो, बक्षिसाची रक्कम मोठी झाली की संघ तीन चढाईपटू बाहेरून आणतो. गेल्या रविवारी जो एका गावाच्या जर्सीत होता तो या रविवारी शेजारच्या गावाच्या जर्सीत. गावातला पोरगा, जो पावसाळ्यात चिखलात दम काढून तयार झाला, तो बाकावर. काही ठिकाणी पाहुणे इतके, की गावच्या संघात गावचं फक्त नाव असतं. एका मंडळाच्या कार्यकर्त्याला मी विचारलं, अरे, आपल्या पोरांना शेवटची पाच मिनिटं तरी दे की, सामना तर जिंकलाच आहे. तो म्हणाला, "आवं, पावण्याला सातशे रुपयं मिनिटाला पडत्यात, बसवू कसा?" हिशेब त्याचा चोख होता. पण असा हिशेब दहा वर्षं चालला तर पाहुणेही मावळातले उरणार नाहीत, मावळात खेळणारं कोणी उरणार नाही.

जुन्या ओट्याचा अन्याय निदान गावातला होता. काकाच्या पुतण्याला कोपरा मिळाला तरी पुढच्या वर्षी तो कंटाळून गेला की जागा गावच्याच पोराला मिळायची. आता जागा रिकामी होतच नाही.

अमेरिकेत एनबीएमध्ये १९८२-८३पासून सहाव्या गड्याला वेगळं बक्षीस देतात, बाकावरून येऊन खेळ फिरवणाऱ्याला. सॅन अँटोनियोचा मानू जिनोबिली हा २००८ला ते घेऊन मिरवला, आणि तो काही दुय्यम खेळाडू नव्हता. तिथल्या पोराला बाकावर बसताना मान खाली घालावी लागत नाही. आमच्याकडे उत्कृष्ट चढाईपटूला कूलर, उत्कृष्ट पकडीला सायकल, मालिकावीराला तर कधी मोटारसायकल. पाणी देत बसलेल्या आठव्याला सत्काराच्या नारळाचं पाणीही मिळत नाही.

तर मावळातल्या आयोजक मंडळींना, वडगाव, तळेगाव, कामशेत, कार्ला, लोणावळा, सगळ्यांना सांगणं एवढंच. भातं निघाली की मैदानं आखाल, पत्रकं छापाल. त्यात दोन ओळी वाढवा. वजनी गटांत बाहेरचा गडी चालणार नाही, आणि खुल्या गटात बारापैकी निदान सहा त्या गावचे असतील. तिसरी ओळ बक्षिसांच्या यादीत, मालिकावीराच्या लगेच खाली: उत्कृष्ट राखीव खेळाडू. रक्कम कमी असली तरी चालेल. कूलर नको, त्याला बूट द्या.