घरच्या मिक्सला हवा दुसरा कान

रॉक गाण्याचे मिक्सिंग म्हणजे ड्रम, बेस, गिटारी आणि गायन यांचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र बसवून दोन स्पीकरमधून ऐकू येणारे एकसंध गाणे घडवणे. कोणता ट्रॅक किती मोठा, तो डावीकडे की उजवीकडे, त्यातला कोणता स्वरपट्टा उचलायचा, कोणता छाटायचा, आवाजाभोवती किती मोकळी जागा भासवायची, हे सगळे निर्णय त्यात येतात. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक-दोन माइक आणि रीपरसारखे सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम आता घरी होते. घरचे काम कमअस्सल असते असेही नाही. टॉम शोल्झ यांनी ‘बॉस्टन’ बँडच्या १९७६ मधल्या पहिल्या अल्बमचा बराचसा भाग मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घराच्या तळघरात रेकॉर्ड केला होता. घरच्या कामाची खरी उणीव वेगळी आहे. तिथे वाजवणारा, रेकॉर्ड करणारा, मिक्स करणारा आणि ऐकणारा बहुधा एकच असतो. दुसरा कान तिथे आपोआप मिळत नाही. तो मिळवावा लागतो आणि त्याला नेमके प्रश्न विचारावे लागतात.

स्वतःचा कान कुठे फसतो

पहिली फसगत स्मरणशक्तीची. गाणे लिहिणाऱ्याला शब्द पाठ असतात. गायन गिटारींखाली बुडाले तरी त्याला प्रत्येक अक्षर कळते, कारण न ऐकू आलेला भाग त्याचा मेंदू भरून काढतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मात्र दुसऱ्या ओळीतच शब्द लागेनासे होतात.

दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्जातले स्वर तुलनेने फारच कमी ऐकू येतात. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून रात्री हळू आवाजात मिक्स करणारा नकळत बेस वाढवत जातो. तेच गाणे सकाळी गाडीत मोठ्याने लावले की दरवाजे थरथरतात.

तिसरी फसगत खोलीची. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल, तर तिथे सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झवर वाजते, म्हणजे जवळजवळ तिथेच. भिंतीला टेकून बसले की हा स्वर अंगावर येतो, आणि त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसले की जवळपास नाहीसा होतो. बेस किती ठेवायचा हे अशा वेळी खुर्ची कुठे आहे त्यावर ठरते. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या स्पीकरवर ऐकणाऱ्याचे मत इथे मोलाचे ठरते ते त्यामुळेच.

ऐकायला देण्याआधी

ज्या चुका स्वतःला सापडू शकतात, त्या शोधण्यासाठी दुसऱ्याचा वेळ घेऊ नये. मिक्स झाल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. मग तो हेडफोनवर, गाडीत आणि फोनच्या स्पीकरवर ऐकावा. एकदा मोनो करूनही ऐकावा, कारण अनेक लहान ब्लूटूथ स्पीकर दोन्ही बाजू एकत्र करूनच वाजवतात. एकच गिटार ट्रॅक कॉपी करून, किंचित उशिराने दुसऱ्या बाजूला लावला असेल, तर मोनोमध्ये तो पोकळ होतो. तोच भाग दोनदा वाजवून रेकॉर्ड केला असेल तर सहसा टिकतो.

त्याच शैलीतले एखादे प्रसिद्ध गाणे शेजारी ठेवून तुलना करावी, पण दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्यावी. प्रसिद्ध झालेले गाणे मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा संस्कार, होऊन आलेले असते, म्हणून ते मोठे वाजते आणि मोठे ते कानाला चांगले वाटते. त्याला खाली आणल्याशिवाय तुलना न्यायाची होत नाही. आपले गाणे लिमिटरने, म्हणजे आवाजाची शिखरे दाबणाऱ्या साधनाने, चेपून त्याच्या बरोबरीला नेणे हा उपाय नव्हे. मेटॅलिका बँडच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमबद्दल तो असाच चेपल्याची तक्रार चाहत्यांनी केली होती. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी त्यांना अधिक मोकळी वाटली, कारण तिथे ती इतकी चेपलेली नव्हती. शिवाय स्पॉटिफायसारखी सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (भासणाऱ्या मोठेपणाचे एकक) या पातळीवर आणून वाजवते. तिथे चेपून मिळवलेला मोठेपणा उरत नाही, चेपलेपण तेवढे उरते.

कोणाला विचारावे, काय विचारावे

ऐकणारे तीन प्रकारचे असावेत. संगीताशी संबंध नसलेला श्रोता गाणे कुठे कंटाळवाणे होते आणि शब्द कुठे कळत नाहीत हे सांगतो. वादक वाद्यांचा तोल सांगतो, पण त्याचे कान आपल्या वाद्याकडे झुकलेले असतात; गिटारवाल्याला गिटार नेहमी थोडी कमीच वाटते. मिक्सिंग करणारा जाणकार कारणापर्यंत पोहोचतो. बँडमधल्या सोबत्यांचे मत घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. मेटॅलिकाच्याच १९८८ च्या ‘…अँड जस्टिस फॉर ऑल’ अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकू येत नाही. बँडच्या सूचनेवरूनच तो खाली घेतला, असे मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्प्सन यांनी पुढे सांगितले.

‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘मस्त’ एवढेच उत्तर मिळते. दुसऱ्या कडव्यातले शब्द कळले का, कोरस आला तेव्हा गाणे वाढले की तेवढेच राहिले, कोणता आवाज कानाला टोचला, कितव्या सेकंदाला लक्ष उडाले, असे प्रश्न विचारले की उत्तरे कामाची मिळतात. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत तिचे संस्थापक बेरी गॉर्डी दर शुक्रवारी नव्या गाण्यांची पारख करायला बैठक घेत. खिशात शेवटचा डॉलर असेल तर हे रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा त्यांचा प्रश्न असे. अशा प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊन सुटता येत नाही.

‘गिटार अजून नीट बसलेली नाही’ अशी सबब ऐकवण्याआधी सांगू नये. एकदा सांगितले की श्रोता तेवढेच शोधत बसतो.

तक्रार आणि निदान

रुग्ण दुखते कुठे ते सांगतो, औषध डॉक्टर ठरवतो. मिक्सच्या बाबतीत तसेच धरून चालावे. श्रोत्याची तक्रार बहुधा खरी असते, त्याने सुचवलेला उपाय मात्र तपासून घ्यावा लागतो.

‘गायकाचा आवाज दबतोय, वाढव’ ही रॉकमधली नेहमीची तक्रार. डिस्टॉर्शनमुळे गिटारच्या स्वराला असंख्य उपस्वर फुटतात आणि ती मधला पट्टा भरून टाकते. शब्दांची व्यंजने स्पष्ट होतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि गिटारींनी तीच जागा व्यापलेली असते. गायन वाढवले तर गिटारी दुबळ्या वाटतात. मग त्या वाढवल्या जातात आणि चक्र सुरू होते. त्याऐवजी गिटारींमधून तो पट्टा दोन-तीन डेसिबल कमी केला, किंवा त्या दोन टोकांना सरकवल्या, तर गायनाला हात न लावता शब्द वर येतात.

‘सगळे गढूळ वाटते’ असे कोणी म्हटले, तर २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास अनेक ट्रॅकची गर्दी झाली आहे का ते पाहावे. ‘ड्रमला जोर नाही’ या तक्रारीमागे अनेकदा किक आणि बेस एकाच स्वरपट्ट्यावर हक्क सांगत असतात; एकाला खाली आणि दुसऱ्याला थोडे वर जागा दिली की दोघेही ऐकू येतात. ‘कान दुखतात’ असे उत्तर आले, तर आधी झांजा आणि गिटारींचा तीव्र भाग तपासावा. ‘कोरस उठत नाही’ याचे कारण कोरसमध्ये नसून आधीच्या कडव्यात असू शकते. कडव्यातच सगळी वाद्ये पूर्ण ताकदीने वाजत असतील, तर पुढे वाढवायला काही शिल्लक राहत नाही.

बदल किती, थांबायचे कधी

एका माणसाचे मत ही आवडनिवड असू शकते. एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर दोष तिथेच आहे. बदल एकेक करावा, प्रत्येक आवृत्ती क्रमांक देऊन जपावी, आणि जुनी व नवी सारख्या पातळीवर आलटून पालटून ऐकावी. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चे ९१ मिक्स झाले आणि अखेर दुसराच वापरला गेला, असे ध्वनिअभियंते ब्रूस स्वीडीन सांगत. पहिल्या आवृत्त्या पुसल्या असत्या, तर तो पर्याय उरलाच नसता.

बदल झाल्यावर गाणे आधीच्या श्रोत्यांसोबत एका नव्या श्रोत्यालाही द्यावे, कारण जुन्यांना आता शब्द पाठ झालेले असतात. नव्या उत्तरांत समान तक्रार उरली नाही आणि जी मते आली ती एकमेकांविरुद्ध जाणारी, केवळ आवडीची असली, की मिक्स पूर्ण झाला असे समजावे. मग लिमिटर काढून, वर काही डेसिबल मोकळे ठेवून, २४ बिटची वेव्ह फाइल मास्टरिंगला पाठवावी.