विश्लेषण : न दिसणारा लेझर डोळा कसा भाजतो?

मिरवणुकांतील लेझरच्या झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना पुणे, कोल्हापुरात समोर आल्या आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. तो झोत निदान दिसतो तरी. धाराशिव, तुळजापूर किंवा उमरग्यासारख्या शहरांत नेमप्लेट, ट्रॉफी, अ‍ॅक्रिलिकची अक्षरे करून देणाऱ्या दुकानात लेझर यंत्र असेल, तर त्याचा किरण मात्र दिसतच नाही.

इजा नेमकी कुठे होते?

ते तरंगलांबीवर ठरते. ४०० ते १,४०० नॅनोमीटरचे किरण डोळ्यात शिरून मागच्या दृष्टिपटलावर एकवटतात. त्यापुढचे इन्फ्रारेड किरण पाण्यात शोषले जातात. डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बहुतांश पाण्याचाच असतो. त्यामुळे १०,६०० नॅनोमीटरच्या कार्बन डायऑक्साइड लेझरची जवळपास सगळी उष्णता अवघ्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्याच्या पृष्ठभागावरच उतरते आणि तो भाजतो.

पापणी वाचवत नाही का?

प्रखर उजेड दिसला की साधारण पाव सेकंदात पापणी मिटते. इन्फ्रारेड दिसत नसल्याने चटका बसल्यावरच ती मिटते. तोवर इजा झालेली असते. यंत्रावरचा लाल ठिपका फक्त जागा दाखवतो, कापणारा किरण वेगळा. चकचकीत धातूवरून उलटलेला किरणही घातक ठरतो.

दृष्टी पूर्ववत होते का?

वरचा थर भाजला तर डोळा खुपतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. हा थर सहसा काही दिवसांत भरून येतो. जखम खोल असेल तर व्रण राहतो आणि धूसरपणा कायमचा होऊ शकतो.

काळजी काय घ्यावी?

नुसता ‘लेझर गॉगल’ मागून भागत नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड लेझर अडवते. पण धातूवर कोरणाऱ्या फायबर लेझरचा १,०६४ नॅनोमीटरचा किरण त्यातून आरपार जाऊन दृष्टिपटल जाळतो, तेही बहुधा वेदनेविना. म्हणून गॉगलवर छापलेली तरंगलांबी यंत्राशी जुळवून पाहावी. झाकण उघडताच किरण बंद करणारा स्विच कामाच्या घाईत निकामी करू नये. डोळ्याला चटका बसलाच तर तो चोळू नये, घरातले जुने थेंब टाकू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि यंत्र कोणत्या लेझरचे होते, हे आवर्जून सांगावे.