पाने झडली तरी झाड लपत नाही; धनुष्याचे लाकूड सालीवरून असे ओळखा

खानापूर : उन्हाळा तोंडावर आला की तालुक्यातील पानझडी जंगल उघडे पडते. पान नाही, फूल नाही. मग समोरचे झाड ऐनाचे की धामणीचे, हे सांगायचे कसे? उत्तर खोडावरच असते. धनुष्य, कुऱ्हाडीचा दांडा किंवा कावड यासाठी चिवट लाकूड हवे असेल तर साल ओळखता आलीच पाहिजे. चुकले तर लाकूड वाया जाते आणि एखाद्या झाडाच्या बाबतीत अंगावर फोडही उठतात.

धामण कशी ओळखायची?

बांबू सोडला तर धनुष्यासाठी नावाजलेले लाकूड धामणीचे. संस्कृतात तिचे नाव धन्वन, म्हणजे नावातच धनुष्य. कन्नडमध्ये तिला तडसल म्हणतात. लाकूड वाकते, पण सहजी मोडत नाही. कोवळ्या झाडाची साल राखाडी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत असते. झाड जुने झाले की ती खडबडीत होते, बारीक खपल्या सुटतात. खरी खूण आतल्या सालीत आहे. ती धागेदार असून लांब पट्ट्यांनी सोलून निघते. तिचे दोर वळले जातात.

शेजारची झाडे

ऐन (कन्नडमध्ये मत्ती) लांबूनच कळतो. काळपट साल, खोल भेगा आणि चौकोनी तुकडे. थेट मगरीची पाठ. नाणा (नंदी) याच्या उलट. खोड पांढुरके, गुळगुळीत आणि कागदासारखे पापुद्रे सुटणारे. सागवानाची साल फिकट तपकिरी, तिच्यावर उभ्या उथळ चिरा. खैराची साल गडद, अरुंद पट्ट्यांनी सुटते. फांदीवर काटे दिसले की शंका उरत नाही.

काळे डाग दिसले की लांब राहा

बिब्ब्याची साल करडी-तपकिरी आणि खरखरीत असते. तिला जखम झाली की चीक येतो आणि हवा लागताच काळा पडतो. खोडावर असे काळे ओघळ दिसले तर हात लावू नये, कोयता तर नाहीच. या चिकाने कातडी लाल होते, सुजते, फोड येतात. असे लाकूड चुलीत घालू नये, धूरही बाधतो.

साल लाकडाचेही सांगते

झाड ओळखले म्हणजे काम संपले असे नाही. सालीवरच्या रेषा खोडाभोवती पिळदार फिरत असतील तर आतले तंतूही बहुधा पिळलेले असतात. असे लाकूड ताणले की चिरते. रेषा सरळ वर गेलेल्या हव्यात. सालीवर डोळ्यासारखा वण दिसला तर तिथे जुनी फांदी होती आणि आत गाठ दडलेली आहे, असे समजावे. धनुष्य नेमके गाठीपाशी मोडते.

आणखी एक गोष्ट. धामणीसारख्या लाकडात सालीखालचा थरच बऱ्याचदा धनुष्याची बाहेरची बाजू होतो आणि सगळा ताण त्याच्यावर येतो. म्हणून पारख करायला मधोमध कोयता मारू नये. साल पाहायचीच असेल तर टोकाला खरवडावी.

तोडण्याआधी परवानगी

सरकारी जंगलात परवानगीशिवाय झाड किंवा फांदी तोडणे हा गुन्हा आहे. भीमगड अभयारण्यातून तर पडलेले लाकूडही उचलता येत नाही. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यामुळे कोयता उचलण्याआधी वनखात्यात विचारून घेतलेले बरे. तिथे ‘धामण’ म्हणून समजले नाही तर ‘तडसल’ म्हणावे. सीमाभागात झाडाला नावे दोन असतात, साल मात्र एकच.