देवनहळ्ळीचे आकाश: ढगांच्या फटीतून तारे पाहताना

बंगळुरूच्या उत्तरेस असलेल्या देवनहळ्ळी येथे घराच्या गच्चीवरून दुर्बिणीने आकाशनिरीक्षण करू इच्छिणाऱ्यांसमोर दोन अडचणी असतात. एक ढगांची, दुसरी प्रकाशाची.

ढगांचे कारण स्पष्ट आहे. या भागाला जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो आणि त्यानंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचाही. पुणे-नाशिककडे दिवाळीच्या सुमारास आकाश मोकळे होऊ लागते. येथे बहुधा डिसेंबर उलटावा लागतो. एप्रिलपासून पुन्हा वळिवाचे ढग जमतात. अशा हवेत एखादी घटना हुकली, तर ती कायमचीच हुकते. ६ जून २०१२ रोजी सकाळी झालेल्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या वेळी ज्यांच्या माथ्यावर ढग होते, त्यांना दुसरी संधी नाही. पुढील अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये होईल.

मे २००८ मध्ये देवनहळ्ळीजवळ आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. रात्रीचे आकाश उजळवणाऱ्या दिव्यांत त्याची भर पडली. मात्र हाच विमानतळ हौशी निरीक्षकाचा उत्तम मार्गदर्शकही आहे. वैमानिकांसाठी येथील हवामानाची नोंद दर अर्ध्या तासाला प्रसृत होते आणि ती कोणालाही पाहता येते. आकाशाचा किती अष्टमांश भाग ढगांनी व्यापला आहे, ढगांचा तळ किती फुटांवर आहे, दृश्यमानता किती, हे तीत सांकेतिक स्वरूपात दिलेले असते. तापमान आणि दवबिंदू हे दोन आकडे तर विशेष महत्त्वाचे. त्यांतील अंतर दोन-तीन अंशांवर आले की भिंगावर दव धरू लागते. हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यामुळे येथील विमानांना विलंब होतो, तेव्हा दुर्बीणही झाकून ठेवलेली बरी.

मात्र किंचित धूसर रात्र वाया गेली असे समजू नये. तारे लखलखीत लुकलुकत असतील, तर वरची हवा अस्थिर असते आणि गुरूचे पट्टे दुर्बिणीत थरथरताना दिसतात. शांत, थोड्या धुरकट हवेत ग्रह अधिक रेखीव दिसतात. तेजोमेघ व दीर्घिका यांना मात्र स्वच्छ आणि काळोखे आकाशच हवे.

म्हणूनच येथे अवजड दुर्बिणीपेक्षा सहज उचलता येणारी, चार ते सहा इंच व्यासाची दुर्बीण अधिक उपयोगी पडते. आरशाचे तापमान बाहेरच्या हवेइतके होण्यास अर्धा तास लागतो. त्यामुळे आकाश निवळण्याची वाट न पाहता, पावसाची शक्यता नसल्यास, ती आधीच गच्चीवर नेऊन ठेवावी. ढगांची फट वीस मिनिटांचीही असू शकते.

सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशाचा लाभही देवनहळ्ळीला आहे. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा भव्य गोलाकार गुच्छ येथे क्षितिजापासून सुमारे २९ अंश वर येतो. दिल्लीत तो जेमतेम १४ अंशांपर्यंत पोहोचतो. दुर्दैवाने तो दक्षिणेला, म्हणजे नेमका विमानतळ आणि बंगळुरूच्या झगमगाटावर दिसतो. तो सर्वांत उंच असतो मार्चअखेर, रात्री दीडच्या सुमारास. तेव्हा वळिवाचे ढग अद्याप दाटलेले नसतात.