‘सुटला’ या क्रियापदाचे दोन अर्थ : बालकांवरील गंभीर गुन्ह्यांतील जामिनाचा विचार

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवरील एखाद्या गावी गंभीर गुन्ह्यातील आरोपी जामिनावर परतला, म्हणजे ‘तो सुटला’ असे लोक म्हणतात. खटल्याअखेर निर्दोष ठरलेल्या मनुष्याविषयीही हेच क्रियापद योजिले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन घटना सर्वस्वी भिन्न होत. गुन्हा बालकावर घडलेला असेल, तेव्हा हा भेद विसरला गेल्यास आपले म्हणणे खोटे ठरले असे त्या बालकास वाटण्याचा संभव असतो. म्हणून न्यायालय जामिनाच्या वेळी नेमके काय ठरविते, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘जामीन’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे तो मराठीत आला. मुळात तो हमी घेणाऱ्या व्यक्तीचा वाचक होय. ‘अमक्याला जामीन राहणे’ या प्रयोगात तो अर्थ आजही टिकून आहे. आरोपी खटल्यास हजर राहील याची हमी, एवढाच या कल्पनेचा गाभा. दोषनिर्णय तीत येत नाही.

रायगड जिल्ह्यातील असे अर्ज अलिबागच्या जिल्हा व सत्र न्यायालयापुढे किंवा जिल्ह्यातील अन्य सत्र न्यायालयांपुढे येतात. तेथे नकार मिळाल्यास मुंबई उच्च न्यायालयाकडे जाता येते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम जामिनासाठी स्वतंत्र कसोटी सांगत नाही. ती सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेतूनच घ्यावी लागते. प्रथमदर्शनी पुरावा, गुन्ह्याचे गांभीर्य, संभाव्य शिक्षा, आरोपी पळून जाण्याची, साक्षीदारांवर दडपण आणण्याची अथवा गुन्हा पुन्हा करण्याची शक्यता, हे घटक सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निर्णयात एकत्र मांडले आहेत.

खरी अडचण या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये आहे. विवक्षित गुन्ह्यांसाठी खटला चालविला जात असता, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते सांगते. ‘खटला चालविला जात असता’ ही अवस्था कोणत्या क्षणी सुरू होते? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये असे उत्तर दिले की, दोषारोप निश्चित होण्यापूर्वी हे गृहीतक लागू होत नाही. त्यानंतर मात्र जामिनासाठी न्यायालयाचे समाधान अधिक कठोर कसोटीवर व्हावयास हवे. एका वाक्यांशाच्या अर्थावर आरोपीचे स्वातंत्र्य अवलंबून राहते, ते असे.

कायद्याच्या शब्दांइतकेच न्यायाधीशांचे शब्दही निर्णायक ठरतात. झारखंडमधील एका प्रकरणात मुलगी जेमतेम १३ वर्षांची होती. तेथे ‘प्रेमसंबंध’ हा मुद्दा जामिनाच्या विचारात गैरलागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले व जामीन रद्द केला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही १३ वर्षांच्याच मुलीचे प्रकरण आले. आरोपी २६ वर्षांचा होता. परस्पर आकर्षणाचा निर्देश करून, तसेच तो २०२० पासून कारागृहात असल्याचे ध्यानात घेऊन, खंडपीठाने जामीन दिला. दीर्घ कारावास हे जामिनाचे समर्थनीय कारण असू शकते. बालकाच्या संमतीस कायद्यात स्थान नसताना ‘आकर्षण’ हा शब्द मात्र नसलेली संमती सुचवून जातो.

विलंबाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. कलम ३५ नुसार गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावयाची असते, आणि शक्य तोवर वर्षभरात खटला पूर्ण करावयाचा असतो. साक्ष वेळेवर झाली, तर तिच्यावर दडपण येण्याचे भय कमी होते. ती रखडली, तर आरोपीचा शीघ्र न्यायाचा हक्क आणि बालकाची निर्भयता ही दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात.

बालकाचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आता अधिक स्पष्ट झाली आहे. बालकाच्या बाजूस अर्जाची सूचना मिळावी व तिचे म्हणणे ऐकले जावे, यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, १६ वर्षांखालील मुलीवरील बलात्कार व १८ वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कार या गुन्ह्यांत अटकपूर्व जामीन मिळत नाही, आणि जामिनाच्या सुनावणीस फिर्यादी किंवा तिने अधिकृत केलेली व्यक्ती उपस्थित असणे आवश्यक असते.

तथापि, या उपस्थितीचा उपयोग आदेशाच्या अटींत दिसावयास हवा. कोळीवाड्यात घराला घर लागून असते. बंदर, बाजार आणि शाळेची वाट एकच. अशा ठिकाणी ‘साक्षीदारांशी संपर्क साधू नये’ ही ठरीव अट अपुरी पडते. तालुक्याबाहेर राहण्याची अट बालकास दिलासा देते, पण मासेमारीवर पोट असलेल्या आरोपीची उपजीविकाही तोडते. हा तोल त्या गावाचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवूनच साधावा लागतो.

जामिनाचा आदेश बालकाला व त्याच्या पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला गेला पाहिजे. आरोपी जामिनावर आहे, खटला चालू आहे, आणि बालकाची साक्ष अद्याप व्हावयाची आहे, ही तीन वाक्ये त्यासाठी पुरेशी आहेत. ‘सुटला’ या एका शब्दात त्यांपैकी एकही मावत नाही.