निवाडा अर्ध्या इंचाचा

एमजीबीची क्लच प्लेट बदलायची तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या आणि या देखण्या स्पोर्ट्‌स कारची रचनाच तशी आहे. म्हणून क्लच दाबूनही रिव्हर्स टाकताना गिअर करकरला, तर जाणता मेकॅनिक पान्याच्या आधी मोजपट्टी हातात घेतो.

तो मोजतो काय? पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पाऊण इंची दट्ट्या ऑइल ढकलतो. नळीतून तो दाब खाली गिअरबॉक्सला लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरच्या सव्वा इंची दट्ट्यावर पोचतो. बंदिस्त द्रवात दाब सगळीकडे सारखाच पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. स्लेव्हच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे २.८ पट मोठं, म्हणून जोरही तितक्याच पटीने वाढतो. पण फुकट काही मिळत नाही! हालचाल तितक्याच पटीने घटते. वर दट्ट्या ३५ मिलिमीटर सरकला, तर खाली दांडी जेमतेम अर्धा इंच सरकते. तेवढ्यावर क्लच सुटतो.

आता इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने पक्क्या स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली शिरून स्लेव्हची दांडी मोजायची. अर्धा इंच पुरा भरला, तर हायड्रॉलिक्स निर्दोष. दुखणं आत, प्लेटकडे किंवा बेअरिंगकडे. कमी भरला, तर हालचाल वाटेतच कुठेतरी हरवतेय आणि इंजिन बहुधा जागेवरच राहणार.

ती हरवते कुठे, हे पेडलच सांगतं. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर क्लच सुधारला, तर नळीत हवा शिरली असावी. ऑइल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. पेडल दाबून धरल्यावर क्लच आधी सुटला आणि मग हळूहळू पुन्हा धरू लागला, तर मास्टरचं सील आतल्या आत ऑइल मागे सोडतंय. ऑइलची पातळीच उतरत असेल, तर स्लेव्हचं रबरी बूट उलटून बघा. ते कोरडं निघालं, तर पेडलमागच्या पत्र्यावर ओघळ शोधा. हे ऑइल रंग खातं, त्यामुळे तिथला रंग फुगून सुटलेला दिसतो.

सगळ्यात मजेशीर चोर मात्र ऑइलच्या वाटेला जातच नाही. पेडल आणि मास्टरची दांडी जोडणारी क्लेव्हिस पिन वर्षानुवर्षं घासून मधोमध बारीक होते, तिचं भोकही लांबट होतं. दोन्हींची झीज मिळून तीन मिलिमीटर भरली, की स्लेव्हकडचा एक मिलिमीटर गेलाच. हवा कितीही काढा, तो परत येत नाही. म्हणून आधी पिन काढून बघावी. ती बदलायला पक्कड पुरते, इंजिन उतरवायला क्रेन लागते.